राखेतला वाल

परवा सकाळी मी ओटा पुसत होते आणि दत्ताचा फोन आला. दत्ता म्हणजे घोटावड्याच्या आमच्या घरमालकीणबाईंचा मुलगा. त्यांचं घर सोडून आम्हाला दोन वर्षं झाली, तरी दसरा-दिवाळीला त्याचा फोन चुकत नाही. हा मात्र सणाचा फोन नव्हता.

"वहिनी, आयेच्या वालाचं बी तुमच्याकडं हाय का वो अजून?"

त्याची आई, म्हणजे आमच्या ठकूआक्का, ह्या थंडीत वारल्या. तेराव्याच्या आधी घर झाडायला बायका जमल्या, त्यात दत्ताची चुलती हिराबाईही होती. तिने माळ्यावरचं मडकं खाली काढलं, आत राख दिसली, आणि ती बाई मडकं उकिरड्यावर पालथं करून मोकळी झाली. त्या राखेत आक्कांचं बी होतं. आता मृग तोंडावर आला, मांडव रिकामा, तेव्हा कुठे सगळ्यांना मडक्याची आठवण झाली.

"गावात समद्यांकडं इचारून झालं," दत्ता म्हणाला. "कुनाकडंच न्हाई."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "ह्याच वर्षीचं, ताजं."

पलीकडून हळूच, "धुतलं न्हाई न्हवं?"

काय माणूस आहे! पण रागावायची माझी सोय नव्हती. त्या बियाचा एकदा सत्यानाश केलेली बाई मीच.

मला स्वच्छतेचं वेड आहे, हे मी लपवत नाही. मी सदाशिव पेठेत वाढले, नळाला पाणी येण्याआधी नळ घासणाऱ्या घरात. आमच्या ह्यांना पिरंगुटजवळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही घोटावड्यात आक्कांच्या खालच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच दिवशी मी भांडी घासून मांडून ठेवली होती. आक्का आल्या, ना ओळख ना पाळख, मांडणीवरचं ताट उचललं आणि उलटं केलं. कडेच्या खाचेत काळी रेघ होती.

"वरनं समदीच गुनाची दिसत्यात बाय," त्या म्हणाल्या. "उलटं करून बघावं."

मला इतका राग आला की मी ती सगळी ताटं पुन्हा घासली. खालून.

ही उलटं करून बघायची खोड त्यांना बागेने लावलेली. घराच्या मागे पंधरा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद एवढीच जागा, पण त्यात वांगी, मिरच्या, दोडका, अळू, जास्वंद, कडेने झेंडू आणि मधोमध वालाचा मांडव. आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापली परसं बुजवून भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. आक्का नेसत्या नऊवारीचा काष्टा घट्ट करून, दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवून रोज सकाळी बागेत उतरत. हातात साबणाच्या पाण्याचा डबा. पान दिसलं की उलटं. अळी दिसली की डब्यात. कोणतंही औषध म्हणून विकत आणायचं नाही. आणि ह्या सगळ्या वेळात तोंडाचा पट्टा चालू.

कारण प्रत्येक किडीशी त्यांचं नातं होतं. पांढरा पिठ्या ढेकूण म्हणजे 'जाऊ'. एकदा घरात घुसली की हलत नाही, आणि वर पांढरीशुभ्र, साळसूद. जुन्या टूथब्रशने जास्वंदीच्या फांद्या घासता घासता आक्का ओरडत, "आली का जाऊबाय, भवाने, परत? तुला काल हाकलली न्हवं?" भिंतीपलीकडे त्यांची खरी जाऊ, ही हिराबाई, भांडी घासत असे. तीही तिथून ओरडे, "मला म्हनतीयास का गं?" "न्हाई गं, किडीला!" "मंग नाव कशाला माजं घेतीस?" असं रोज. गंमत म्हणजे संध्याकाळी दोघी एकाच पायरीवर बसून एकाच चंचीतलं पान खात.

शेंड्यांवर दाटीने बसणारा काळा मावा, तो 'पाव्हणं'. एक आला की मागून सगळं खटलं येतं, आणि खाऊन खाऊन घर चिकट करून ठेवतं. मुंग्या ह्या पाव्हण्यांच्या पुढेपुढे करणाऱ्या, कारण पाव्हण्यांच्या अंगातून गोड रस पाझरतो. आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो चिमुकला भुंगा, जो माव्यावर जगतो, तो 'जावई'. जावयाला आक्कांच्या बागेत फार मान. तो पानावर बसला असेल तर आक्का आवाजसुद्धा खाली आणत. "येतो, बसतो, खातो. आपुन नुसतं खा, खा म्हनायचं," त्या मला समजावून सांगत. "त्याला हाकलला की मंग बसा रडत."

वास हा मात्र माझ्या सहनशक्तीपलीकडचा विषय होता. एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात असा काही वास सुटला की मला खात्रीच पटली, कुठेतरी उंदीर मेला आहे. आम्ही फ्रीज सरकवला, गॅस हलवला, आमचे हे कपाटाखाली आडवे होऊन टॉर्च मारत होते. खिडकीतून आक्का बराच वेळ हे सगळं बघत उभ्या.

"काय हरवलंय?"

"उंदीर मेलाय हो आक्का कुठेतरी."

"उंदीर न्हाई. ताक हाय."

त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी मातीच्या बरणीत ताक घालून, त्यात तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून, बरणी नेमकी माझ्या खिडकीखाली आंबत ठेवली होती. दोडक्याच्या पानांवर पांढरी भुरी आली होती, तिच्यासाठी. बरणी हलवा म्हटलं तर म्हणाल्या, "हितं ऊन बरं लागतंय." हे कपाटाखालून बाहेर आले ते केसांना जळमटं लावून. चार दिवसांनी ताक फवारलं आणि भुरी आटोक्यात आली, हेही सांगायला हवं. मला ते मुळीच सांगायचं नव्हतं.

एकदा लवळ्याच्या विद्यापीठातल्या दोन मुली वह्या घेऊन आल्या. त्यांना घरच्या घरी कीड घालवण्याचे उपाय लिहून न्यायचे होते. आक्का पाट्यावर मिरची-लसूण वाटत होत्या.

"आजी, एक लिटर पाण्याला हे किती ग्रॅम?"

"शिंक येस्तवर."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आक्कांनी पाटा पुढे सरकवला. एक वाकली आणि धडाधड चार शिंका दिल्या. "बास, झालं," आक्का म्हणाल्या, "आता पानी घाल." त्या मुलीने वहीत खरंच 'शिंक' असं लिहिलं. मग आक्कांनी दोघींना भाकरी आणि ओल्या वालाची उसळ खाऊ घातली, आणि शेवटी त्यांच्या वह्या उलट्या करून मागचं पान बघितलं. तिथे कुणाचंतरी नाव बदामात लिहिलेलं होतं. ती पोरगी लाजून नुसती लाल झाली.

तर तो वाल. हिरव्या शेंगेला जांभळी कड, दाणा करडा. आक्का लग्न होऊन घोटावड्यात आल्या तेव्हा त्यांच्या आईने लुगड्याच्या पदरात ते बी बांधून दिलेलं. पुढे अर्ध्या गावाने त्यांच्याकडून ते नेलं, प्रत्येकाच्या परसात वेल होता. मग परसं गेली, खोल्या आल्या. लोक म्हणायला लागले, "आक्कांकडं हाय की, लागलं तर आनू." असं करता करता सगळ्या गावाचं बी एकट्या आक्कांच्या मडक्यात येऊन बसलं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर... तरी मी धुतलंच असतं म्हणा.

झालं असं की मे महिन्यात आक्का लेकीच्या बाळंतपणाला महिन्याभरासाठी गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. मला केवढा अभिमान वाटला! म्हणाल्या, "माळ्यावर बियाचं मडकं हाय. येक दिस कडक ऊन दाखीव आन् परत ठेव." बस्स, एवढंच.

मी मडकं काढलं. आत राख. मनगटापर्यंत हात राखेत, आणि तळाशी बी. माझ्या अंगावर काटाच आला. एवढं चांगलं बी आणि हे असं घाणीत! मी ते चाळणीत घेतलं, तीन पाण्यांनी धुतलं, स्वच्छ पंच्यावर दिवसभर वाळवलं, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं आणि वर सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'वाल. आक्कांचा.' राख बागेत फेकली. मडकं घासून पालथं घातलं. आक्का किती खूश होतील ह्या विचाराने मी स्वतःवरच खूश होते.

आक्का आल्या तेव्हा पाऊस सुरू झाला होता. आणि मुळशीकडचा पाऊस म्हणजे घरातले कपडेसुद्धा आठवडाभर ओले. त्यांनी डबा हातात घेतला. झाकण काढलं, कुबट वास आला. ओलसर राहिलेल्या बियांवर बुरशी धरली होती, आणि जिथे बुरशी नव्हती तिथे प्रत्येक दाण्याला टाचणीने टोचल्यासारखं भोक. वरून बारीक भुंगे फिरत होते.

किडीला रोज शंभर शिव्या देणाऱ्या त्या बाईने मला एक शब्दही ऐकवला नाही. डबा ताटात ओतला आणि बसून एकेक दाणा चाचपायला लागल्या. मी बोलत सुटले, मला माहीत नव्हतं, मला वाटलं घाण आहे, मी नवीन आणून देते. त्यावर फक्त एकदा मान वर केली.

"राख घान वाटली व्हय तुला?"

मी घरात आले आणि रडले. खोटं कशाला सांगू. आईने दिलेलं बी, उभा जन्म सांभाळलेलं, आणि मी ते चिठ्ठी लावून मारलं होतं.

त्या सगळ्यातून अकरा दाणे धड निघाले. आक्कांनी ते सगळे लावले. पाच उगवले. मग आल्या गोगलगाई. मुळशीच्या पावसात गोगलगाई येतात म्हणजे भिंतीसुद्धा चालायला लागल्यासारख्या वाटतात. पावसात राखेचं कडं टिकत नाही, म्हणून आक्कांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रोपांच्या आसपास पसरली. दिवस मावळला की गोगलगाई त्याखाली जमत, आणि सकाळी त्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. ते काम मी मागून घेतलं. पहिले चार दिवस पोळ्यांच्या चिमट्याने. पाचव्या दिवशी चिमटा सापडेना, आणि गोगलगाय चढत होती थेट रोपावर. मी हाताने उचलली. पाठीमागून आक्कांचा आवाज आला, "मेली न्हाईस न्हवं?" त्या घटनेनंतर त्या माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या.

तरी चार रोपं गेलीच. उरला एक वेल.

तो मात्र जिद्दीचा निघाला. दिवाळीपर्यंत मांडवभर पसरला. जांभळ्या कळ्यांचे तुरे आले आणि माझ्या जिवात जीव आला. आणि मग डिसेंबरात चार दिवस आभाळ भरून आलं, आणि पाव्हणं उतरलं. असं उतरलं की तुरे काळे दिसायला लागले, पानं चिकट झाली, कळ्या गळायला लागल्या.

दत्ता पाठीवर फवारणीचा पंप अडकवूनच आला. "आये, येक हात मारतो. दोन मिन्टात साफ."

"मारू दे ना आक्का," मीही म्हटलं. मीच तर पिरंगुटच्या दुकानातून औषधाची बाटली आणून दत्ताच्या हातात दिली होती. अपराधी माणसाला धीर नसतो, मला तर नव्हताच.

आक्का मांडवाखाली जाऊन उभ्या राहिल्या. हात कमरेवर. "मावा मरंल. मंग जावई बी मरंल. मंग फुडल्या आभाळाला परत मावा येईल आन् जावई न्हाई. तवा काय करशील?"

"आगं पर येकच येल हाय! ह्यो गेला तर बी गेलं!"

"ते मला नगं सांगूस," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा हलला. तेवढा एकदाच मी तो हललेला ऐकला. "आठ दिस दे. न्हाई झालं तर तू हान तुजं औशद, मी न्हाई म्हननार न्हाई."

दत्ताने पंप उतरवला. बाटली मात्र पायरीवरच ठेवली, आक्कांना दिसेल अशी.

पहिल्या दिवशी आक्कांनी मांडवाच्या चारी खांबांना आणि वेलाच्या बुडाला एरंडेलात बुडवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, मुंग्यांची वाट बंद. दव पडलेलं असताना चाळलेली राख शेंड्यांवर धुरळली. दाटीचे तुरे बोटांनी निपटून काढले. पण आभाळामुळे बागेत एकही जावई दिसत नव्हता. मग त्यांनी मला हाक मारली.

"तुजा जेवनाचा डबा आन. झाकनाला भोकं पाड. रस्त्याच्या कडंला रुई हाय न्हवं, तिच्यावर पिवळा मावा असतो, आन् तितं जावई असत्यात. आन जा धरून. चीक डोळ्यात घालू नगंस, आंधळी व्हशील."

माझा स्टीलचा डबा! त्याला मी स्वतः खिळ्याने भोकं पाडली.

पुढचे दोन दिवस मी घोटावड्याच्या रस्त्याकडेला, धुळीत, रुईच्या झुडपांत उकिडवी बसून पानं उलटी करत होते. जावई पकडणं सोपं नाही. बोट लावलं की टपकन खाली पडून मेल्याचं सोंग करतो. मग धूळ चिवडून शोधायचा. दुसऱ्या दिवशी कारखान्याची बस शेजारून गेली. संध्याकाळी हे घरी आले ते चपलाही न काढता दारातच उभे.

"आज अख्ख्या शिफ्टने तुला बघितलं. रस्त्यावर काय शोधत होतीस?"

"जावई," मी म्हटलं.

आम्हाला मुलगी नाही, एकच मुलगा आहे. ह्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दिवस मावळताना आक्कांनी वेलावर पाणी शिंपडलं, मगच डबा उघडला. तहानलेले होते, लगेच उडाले नाहीत. आम्ही दोघी खाली बसून बघत राहिलो. एक जावई हळूहळू चढला, पहिल्या पाव्हण्यापाशी थांबला आणि खायला लागला. "खा रं बाबा, खा," आक्का पुटपुटल्या. मीही म्हटलं, खा. चौथ्या दिवशी निम्मे उडून गेलेले. पाचव्या दिवशी आभाळ उघडलं. सातव्या दिवशी मी तुरा उलटा करून पाहिला तर माव्याची नुसती पांढरी टरफलं, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या करड्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या. मी किंचाळले, "आक्का, आता ह्या आल्या!" आणि चिमटीत धरायला गेले. आक्कांनी फटकन माझ्या हातावर मारलं. "जावयाची पोरं हायती ती!"

आठव्या दिवशी दत्ता आला, त्याने मांडवाखाली चक्कर मारली, पायरीवरची बाटली उचलली आणि गाडीच्या डिकीत टाकली. नंतर ती बाटली त्याने दुकानात परत नेऊन दिली. माझ्या नावावर.

त्या वर्षी आक्कांनी वालाची एक शेंगसुद्धा खाऊ दिली नाही. हिराबाईने मागितली तर तिलाही नाही, त्यावरून आठ दिवस एका पायरीवर बसणं बंद. सगळ्या शेंगा वेलावरच वाळल्या. फेब्रुवारीत सोलल्या तेव्हा ओंजळभर बी झालं. आक्कांनी चुलीतली राख माझ्याकडून चाळून घेतली. मडक्यात बी आणि राख मी माझ्या हाताने कालवली, आक्का नुसत्या बघत होत्या.

आणि मे महिन्यात ह्यांची बदली पुन्हा पुण्यात झाली.

निघायच्या दिवशी टेंपो भरून झाला, मी नवा पांढरा पंजाबी ड्रेस घालून पुढे बसले. आक्कांचा पत्ता नाही. मला वाटलं, राग गेला नाही अजून, आणि बरोबरच आहे. टेंपो सुरू झाला तेव्हा त्या घाईघाईने मागून आल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्याची पुरचुंडी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. गाठ सैल होती. भसकन राख सांडली, सगळ्या ड्रेसवर.

"निम्मं हाय," त्या म्हणाल्या. "निम्मं माज्याकडं ठेवलंय. माजं गेलं तर तुज्याकडनं आनीन."

"आक्का, माझ्याकडे? मी तर..."

"म्हनून तर. आता तू न्हाई धुनार."

टेंपो हलला. वळणावर घरामागची बाग दिसते, तिथे मी खिडकीतून हात काढून हलवला, राखेने पांढराफटक झालेला. आरशात आक्का दिसत होत्या, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बागेच्या कडेला वाकून त्यांनी जास्वंदीचं एक पान उलटं केलं होतं आणि त्या कुणाशी तरी कडकडून भांडत होत्या. भिंतीपलीकडून हिराबाईचं डोकं वर आलेलं दिसलं, आणि वळण गेलं.